नैसर्गिकाचं सोवळं

‘केमिकल नको, नैसर्गिक द्या,’ असं दुकानात ठणकावणारं गिऱ्हाईक डबीवरचं हिरवं पान पाहिलं की निर्धास्त होतं. आत काय आहे, किती आहे, कुणी तपासलं, हे मग विचारायचंच नाही. हे नवं सोवळं शिकलेल्या घरांतच जास्त कडक पाळलं जातं.

युरोकॅनिक आम्लाचंच घ्या. १८७४ मध्ये मॅक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाला ते कुत्र्याच्या लघवीत सापडलं. पुढे कळलं, की आपल्या कातडीच्या अगदी वरच्या थरातही ते मुबलक असतं. हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून शरीरच ते बनवतं. शिवाय ते उन्हातले अतिनील किरण शोषून घेतं. म्हणजे निसर्गाने दिलेलं सनस्क्रीनच! झालं, ते प्रसाधनांत मिसळायला सुरुवात झाली.

पण किरण शोषताना या रेणूचं रूप पालटतं. अणू तेच, मांडणी वेगळी. ‘ट्रान्स’चा ‘सिस’ होतो. अतिनील किरणांनी प्रतिकारशक्ती दबते त्यामागे याच रेणूचा हात असावा, असं १९८३ मध्ये एडवर्ड डी फॅबो आणि फ्रान्सिस नूनन यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं. उन्हाने पोळलेल्या कातडीवर शरीराने स्वतःच तुटून पडू नये, अशी ही सोय असेलही. मात्र बिघडलेली पेशी वेळीच टिपायची तीही याच प्रतिकारशक्तीने. या आम्लाने माणसाला कर्करोग होतोच, असं सिद्ध झालेलं नाही. तरी युरोपीय संघाने प्रसाधनांत त्याला मनाई केली, आणि मला ते रास्त वाटतं. शंका फिटेपर्यंत गिऱ्हाइकाच्या कातडीवर प्रयोग कशाला?

आपल्याकडे घरोघरी लिंबू आहेच. रंग उजळावा म्हणून (हा हट्ट हा आणखी वेगळा रोग) रस चोळून उन्हात गेलेल्या मुलीच्या गालावर फोड उठू शकतात आणि मागे काळे डाग महिनोन्महिने राहतात. लिंबातली फ्युरोकूमारिन द्रव्यं ऊन लागताच कातडी जाळतात. बावचीच्या बियांतलं सोरालेन त्याच कुळातलं. कोडावर डॉक्टर सोरालेन मोजून देतात, किरणांची मात्रा ठरवतात, आणि अनेकांना गुण येतो. तेच बी कुणाच्या सांगण्यावरून उगाळून लावलं आणि उन्हात बसलं, तर पांढऱ्या डागावर भाजल्याची जखम.

‘आमची आजी हेच लावायची, तिला कुठे काय झालं?’ हा यावरचा ठरलेला सवाल. आजीला झालं नसेल. तिच्या जावेला फोड आले असतील, तर ते कुणी लिहून ठेवलं?