आत्मरक्षणाला किती गोळ्या पुरतात?



आपल्या तरुणांच्या बोलण्यात एक प्रश्न वारंवार येतो. वस्तीवर हल्ला झाला तर काय करावे? परवाना काढून कमरेला शस्त्र का बाळगू नये? आणि बाळगायचेच तर सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर पुरे, की जास्त गोळ्यांचे पिस्तूल हवे? वरवर पाहता हा दुकानातला प्रश्न आहे. पण मुळात तो शीलाचा प्रश्न आहे. म्हणून तो हसून किंवा रागावून टाळता येणार नाही.

पंचशील घेतलेल्या माणसाने मुकाट्याने मार खावा, असा अहिंसेचा अर्थ काही लोक आपल्याला सांगतात. असे सांगणारे बहुधा स्वतः मार न खाणारे असतात. परमपूज्य बाबासाहेबांनी हा अर्थ मान्य केला नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. वैशालीच्या सिंह सेनापतीने तथागतांना युद्धाविषयी विचारले, तेव्हा तथागतांनी त्याला सेनापतिपद सोडायला सांगितले नाही. मात्र उपासकाने शस्त्रांचा व्यापार करू नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. म्हणजे रक्षणाला मनाई नाही. मनाई आहे ती द्वेषाला आणि हिंसेवर पोट भरण्याला.

मग गरज मोजायची कशी? कायदाही हेच विचारतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ९९ मध्ये जी मर्यादा होती, तीच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ मध्ये आहे. बचावासाठी जेवढी इजा आवश्यक, त्याहून अधिक इजा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. येथे कायदा आणि धम्म एकाच मापाने मोजतात.

आता गोळ्यांचा हिशेब करू. कानपूरच्या सरकारी कारखान्यातल्या ०.३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा काडतुसे बसतात. निर्जन रस्त्यावर एका लुटारूशी गाठ पडली, तर सहाही लागणार नाहीत. पण आपले भय लुटारूचे नाही, जमावाचे आहे. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी आठवा. सप्टेंबर २००६ मध्ये मारहाणीच्या एका प्रकरणात सुरेखाताई भोतमांगे आणि त्यांची मुलगी साक्षीला उभ्या राहिल्या. आरोपी जामिनावर सुटले आणि २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी जमाव घरावर चालून आला. आई, मुलगी आणि दोन मुलगे, चौघांचीही हत्या झाली. त्या घरात सहा गोळ्या असत्या तर? बारा असत्या तर? जमावापुढे कोणता आकडा पुरला असता?

भयाला आकडा कधीच पुरत नाही. सहा असल्या तर दहा हव्यात, दहा असल्या तर पंधरा. ही तृष्णाच आहे. फक्त तिने रक्षणाचे वस्त्र पांघरले आहे. शिवाय या चढाओढीत गरीबच हरतो. ज्याच्याकडे जमीन, पैसा आणि ओळख आहे, त्याला शस्त्रही आधी मिळते. मजुराच्या घराला त्याची किंमत झेपत नाही. आणखी एक गोष्ट मन घट्ट करून सांगितली पाहिजे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कर्जापायी किती शेतकऱ्यांनी जीव दिला, हे बाभुळगावच्या माणसाला सांगावे लागत नाही. दुःखाने पिचलेल्या घरात भरलेले शस्त्र शत्रूची वाट पाहत नाही.

मग आपण निराधार आहोत काय? मुळीच नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील तिसरा नियम प्रत्येक विहारात मोठ्याने वाचला पाहिजे. जेथे अत्याचाराचा धोका आहे, ते भाग शासनाने शोधावेत, आवश्यक वाटल्यास तेथील अनुसूचित जाती-जमातींबाहेरील लोकांचे बंदुकीचे परवाने रद्द करून ती शस्त्रे जमा करून घ्यावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, आणि आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत, असे तो नियम सांगतो. हा क्रम ध्यानात घ्या. आधी अत्याचार करणाऱ्याच्या हातातले शस्त्र काढायचे. पीडिताच्या हाती देण्याची गोष्ट शेवटी येते. आपली मागणीही याच क्रमाने असावी.

साक्षीदाराला धमकी आली तर लेखी तक्रार द्या, पोच घ्या, प्रत जपून ठेवा. साक्ष देणाऱ्या कुटुंबाला एकटे सोडू नका. त्याच्या घरी रात्री चार माणसे झोपायला जावीत. बाबासाहेबांनी उभारलेल्या समता सैनिक दलाचे बळ शिस्तीत आणि एकजुटीत होते. संघाला शरण जातो असे आपण रोज म्हणतो. त्याचा व्यवहारातला अर्थ हाच.

इतके करूनही एखाद्याच्या जिवाला खरोखर धोका उरला, तर त्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे परवान्यासाठी अवश्य अर्ज करावा. धम्म त्याला दोष देणार नाही. मात्र गोळ्या मोजण्यापूर्वी त्याने दोन गोष्टी मोजाव्यात: गरज किती आणि मनातला द्वेष किती. गरज खरी असेल तर थोड्या गोळ्या पुरतील. द्वेष असेल, तर कितीही गोळ्या कमीच पडतील.

नमो बुद्धाय! जयभीम!