प्रसूतीला मुहूर्त असतो काय?

विवाह, मुंज, वास्तुशांती यांचे मुहूर्त विचारण्यास मंदिरात येणाऱ्या मंडळींत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "गुरुजी, सुनेचे ऑपरेशन व्हावयाचे आहे. बाळाच्या जन्माला चांगली वेळ काढून द्यावी," अशी विनंती घेऊन वडिलांकडे अनेक कुटुंबे येतात. विनंती करणाऱ्यांच्या मनात वात्सल्यावाचून दुसरे काही नसते, हे मी अनेकदा पाहिले आहे. तथापि ज्या स्त्रीच्या देहातून तो जन्म व्हावयाचा, तिच्या वेदनेत आणि मुहूर्तात विरोध उत्पन्न झाला तर कोणी कोणासाठी थांबावे, हा प्रश्न आमच्याच घरी उभा राहीपर्यंत मला सुचलाही नव्हता.

गेल्या श्रावणातील गोष्ट. माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. शुद्ध एकादशीला पहाटे चारच्या सुमारास तिला वेणा सुरू झाल्या आणि आम्ही तिला प्रसूतिगृहात नेले. पहिलटकरणीला वेळ लागावयाचाच, असे म्हणून आईने धीर दिला. दुपार गेली, संध्याकाळ गेली, रात्रही गेली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आतून तिच्या कण्हण्याचा आवाज ठराविक अंतराने येत होता. पहाटेपर्यंत त्या आवाजातील बळ ओसरले. कण्हणे थांबावे असे रात्रभर वाटत होते. ते मंद होऊ लागले तेव्हा मात्र छातीत धस्स झाले.

द्वादशीला सकाळी दहा वाजता, म्हणजे वेणा सुरू होऊन तीस तास झाल्यावर, डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक कागद होता. त्यावर गर्भाशयाचे तोंड दर तासाला किती उघडले याच्या खुणा करून त्या रेषेने जोडल्या होत्या. ही पद्धत अमेरिकेतील डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांच्या १९५४ सालच्या अभ्यासातून निघाली, आणि १९७२ साली आफ्रिकेत फिलपॉट व कॅसल या डॉक्टरांनी तिला सुइणींच्याही उपयोगी पडेल असे रूप दिले, हे मी पुढे वाचून जाणले. त्या वेळी मला एवढेच दिसले की, वर चढत आलेली रेषा पहाटे चारपासून आडवी झाली होती. बाळाचे डोके अवघड स्थितीत अडले होते. एका मिनिटास ११० ते १६० असावयाचे त्याचे हृदयाचे ठोके कळ आली की शंभराच्या खाली उतरत होते आणि पूर्ववत होण्यास वेळ घेत होते. शस्त्रक्रिया आत्ताच करावी लागेल, असे त्यांनी सांगितले.

तेव्हा ताईचे सासरे हळूच म्हणाले, "आज मूळ नक्षत्र आहे. ते दीड वाजता संपते. तेवढा वेळ काढता येणार नाही काय?" ते दुष्ट गृहस्थ नव्हेत. रात्रभर ते त्याच बाकावर बसून जप करीत होते. मुळावर जन्मलेले मूल पित्याला बाधते, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेले. आणि पिता म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. शेवटी ते मला म्हणाले, "तुमच्या वडिलांना विचारा. गुरुजी सांगतील ते मला मान्य."

द्वादशीची पूजा सोडून वडील येऊ शकले नव्हते. मी दूरध्वनी लावला. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग वडील म्हणाले, "व्याहीबुवा, मुलीने थांबावे असे शास्त्राने कोठेही सांगितलेले नाही. शांती सांगितली आहे, ती मी करीन. डॉक्टरीणबाई म्हणतात ते आत्ता होऊ द्या."

दहा वाजून पन्नास मिनिटांनी मुलगी झाली. ती लगेच रडली नाही. दाराबाहेर उभे असताना ती दोन मिनिटे मला त्या तीस तासांहून लांब वाटली. मग आवाज आला.

बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आल्यावर मी वडिलांना विचारले, "आपण बोललात ते पिता म्हणून, की पुरोहित म्हणून?" ते म्हणाले, "दोघांची उत्तरे निराळी असती, तर मी पुरोहितपण ठेवून दिले असते. पण ती निराळी नाहीत." या उत्तराचा अर्थ त्यांच्याकडून समजून घेतला, तो वाचकांपुढे मांडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

मुहूर्त पाहावयाचा तो आपण होऊन आरंभिलेल्या कार्याला. विवाह आज करावा की महिन्याने, हे आपल्या हाती असते. म्हणून तेथे शुभकाल निवडण्यास अवकाश आहे. परंतु काही कर्मे निमित्त उत्पन्न होताच करावयाची असतात, त्यांना नैमित्तिक म्हणतात. ग्रहण लागले की स्नान करावे; तेथे वार-नक्षत्र पाहत बसत नाहीत. जातकर्म हा संस्कार याच जातीचा. तो मूल जन्मताच, नाळ कापण्यापूर्वी करावा असे सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर नाळ कापली जाईपर्यंत पित्याला सोयर लागत नाही, असे धर्मशास्त्राने मानले आहे. ज्या शास्त्राने अशौचालाही त्या क्षणी बाजूला थांबविले, ते शास्त्र प्रसववेदनेत तळमळणाऱ्या स्त्रीला नक्षत्रासाठी थांबवील, हे संभवत नाही.

दुसरे असे की, मूळ, आश्लेषा, कृष्ण चतुर्दशी, व्यतिपात, वैधृती अशा वेळी जन्म झाल्यास करावयाच्या शांती ग्रंथांत दिल्या आहेत. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्याय यांचा 'धर्मसिंधु' अठराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाला. त्यात या जननशांतींचा विस्ताराने विचार आहे. शांती सांगितली याचाच अर्थ असा की, जन्माची वेळ माणसाच्या हाती नाही, हे शास्त्रकारांनी गृहीत धरले होते. मूळशांतीच्या वेळी गोमुखप्रसव नावाचा विधी करतात. बाळ गाईच्या मुखाजवळ नेऊन, जणू तिच्यापासून पुन्हा जन्मले असे मानून, आईच्या हाती देतात. दुसऱ्या जन्माचा भार विधीने प्रतीकरूपाने गाईवर घातला. बाळंतिणीवर एका कळेचाही अधिक भार घातला नाही. यातील करुणा आपण विसरतो आणि मागे भय तेवढे उरते.

यावर कोणी म्हणेल, "शस्त्रक्रिया व्हावयाचीच असेल, तर दिवस चांगला पाहण्यास हरकत कोणती?" डॉक्टरांनीच पूर्ण दिवस भरल्यावर दोन-चार दिवसांची मुभा दिली असेल, तर वडीलही त्यांतील एक दिवस सांगतात. परंतु मुहूर्तासाठी दिवस भरण्यापूर्वी बाळास बाहेर काढणे किंवा प्रसंग ओढवला असता घड्याळाकडे पाहत बसणे, या दोन्ही गोष्टी अधर्म होत, असे माझे नम्र मत आहे. एकोणचाळीस आठवडे पुरे होण्याआधी शस्त्रक्रियेने जन्मलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याचा संभव अधिक असतो. अडलेल्या बाळंतपणात विलंब झाला, तर बाळाच्या मेंदूला इजा, गर्भाशय फाटणे, अनिवार रक्तस्राव अशी संकटे ओढवतात. आपल्या देशात २०१८ ते २०२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, असे सरकारी नमुना नोंदणीत आढळते. पूर्वीच्या मानाने हा आकडा पुष्कळ उतरला आहे, हे खरे. पण त्यातील प्रत्येकीच्या घरी कोणीतरी दाराबाहेर उभे होते.

शिवाय या विचारात एक विसंगतीही आहे. जन्मकाल पूर्वकर्मानुसार ठरतो, म्हणून जन्मपत्रिकेला अर्थ आहे, असे आपण मानतो. मग आपणच वेळ निवडून पत्रिका बदलू पाहतो! कर्म जर खरे असेल, तर ते आपल्या युक्तीला भुलणार नाही. आणि ते भुलत असेल, तर पत्रिकेचे भय धरण्याचे कारणच उरले नाही.

येथवर शास्त्राचा विचार झाला. परंतु त्या रात्रीने मला आणखी एक गोष्ट दाखविली, आणि ती सांगताना मान खाली जाते. सासरे बोलले, वडील बोलले, मी निरोप इकडून तिकडे पोचविले, मेहुण्यांनी कागदावर सही करण्यास लेखणी उचलली. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थांबा, आधी मी तिला विचारते," आणि आत गेल्या. तीस तास जिने सोसले तिला विचारावे, हे आम्हा सगळ्यांपैकी एकाच्याही मनात आले नव्हते. पुढे ताई मला म्हणाली, "दार उघडे होते. नक्षत्राचे सगळे बोलणे मला ऐकू येत होते. आत येऊन कोणी काही विचारील, म्हणून मी वाट पाहत होते."

हा दोष जुनाच आहे. सुश्रुताने अडलेल्या गर्भाची चिकित्सा सांगताना, हे काम अत्यंत कठीण असल्यामुळे वैद्याने आधी अधिपतीची अनुज्ञा घ्यावी, असे म्हटले आहे. त्या काळी ते वैद्याच्या संरक्षणासाठी योग्य असेल. आज मात्र सर्वोच्च न्यायालयानेही २००८ सालच्या एका निकालात, सज्ञान स्त्रीच्या शस्त्रक्रियेला तिच्या आईने दिलेली संमती ही तिची स्वतःची संमती ठरत नाही, असे स्पष्ट केले आहे. देहाचा अधिपती तो देह धारण करणारी व्यक्तीच होय, हे आपण आता मानावयास हवे.

"बाईच्या जातीला हे भोगावेच लागते" हे वाक्यही त्या रात्री मी दोनदा ऐकले. चरकसंहितेच्या शारीरस्थानात याहून निराळी वृत्ती दिसते. वेणा सुरू झालेल्या स्त्रीला मुसळ घेऊन कांडण करावयास लावावे, असे काहींचे मत होते. आत्रेयांनी ते खोडून काढले आहे. ती अशा वेळी सुकुमार अवस्थेत असते, तिला कष्ट देऊ नयेत, असे त्यांचे सांगणे. कळ नसताना तिला जोर करावयास लावू नये आणि तिच्याजवळ अनेकदा प्रसूत झालेल्या, मायाळू, धीर देणाऱ्या स्त्रिया असाव्यात, असेही तेथे म्हटले आहे. सोसणे थोर आहे खरे. पण ते थोर म्हणणारा जर सोसणारी स्वतः नसेल, तर त्या स्तुतीपासून सावध राहावे.

याचा अर्थ प्रत्येक बाळंतपण शस्त्राने व्हावे असा नव्हे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २१.५ टक्के जन्म शस्त्रक्रियेने झाले आणि खाजगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते. यांतील सर्वच आवश्यक होत्या, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तेव्हा कुटुंबाने डॉक्टरांना अवश्य प्रश्न विचारावा, परंतु तो "गरज आहे काय, आणि का?" असा असावा. "अमुक वेळेपर्यंत थांबता येईल काय?" असा नसावा.

गयेस मातृषोडशी म्हणून सोळा पिंड मातेला देतात. गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंत तिने जे क्लेश सोसले, त्यांचे एकेक स्मरण करून पिंड ठेवावयाचा असतो. वडिलांबरोबर तो विधी पाहताना वयस्क पुरुषांच्या डोळ्यांना पाणी आलेले मी पाहिले आहे. त्या क्लेशांची आठवण ती गेल्यावर गयेस होते, ती ती जिवंत असताना प्रसूतिगृहाच्या दाराशी का होऊ नये?

सत्ताविसाव्या दिवशी मूळ नक्षत्र पुन्हा आले, तेव्हा वडिलांनी कबूल केल्याप्रमाणे शांती केली. ताईचे सासरे संकल्पाला बसले होते. विधी आटोपल्यावर त्यांनी नातीला मांडीवर घेतले आणि सुनेकडे पाहून म्हणाले, "मुली, त्या दिवशी मी तुला विचारले नाही." ताई काही बोलली नाही. तिने बाळाचे टोपडे नीट केले.

मुहूर्त विचारण्यास येणाऱ्या मंडळींना वडील आता प्रथम एकच गोष्ट विचारतात, "सूनबाईंचे म्हणणे काय आहे?" आपण सर्वांनी हा प्रश्न घरूनच विचारून यावे, आणि ज्या घरी पाळणा हलावयाचा आहे तेथे माता व बालक दोघेही सुखरूप असावीत, हीच श्रीचरणी प्रार्थना.