बोटांत मुरलेली कळ

माउसला हात न लावता कीबोर्डवरूनच संगणक चालवला तर काम झपाट्याने होते, हा दावा नेहमी केला जातो. त्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप ॲपलमध्ये इंटरफेसचे काम केलेल्या ब्रूस टोग्नॅझिनी यांचा आहे. चाचणीत भाग घेणाऱ्यांना कीबोर्ड जलद वाटतो, पण स्टॉपवॉच माउसच्या बाजूने कौल देते, असे त्यांनी १९८९ मध्ये मांडले. कोणती कळ दाबायची हे आठवण्यात वेळ जातो आणि त्या विचारात गुंतलेल्या माणसाला तो गेल्याचे जाणवत नाही, हे त्यांचे स्पष्टीकरण. हे खोडून काढण्यासारखे नाही. मात्र ते कुठवर लागू पडते, हे तपासायला हवे. कार्ड, मोरान आणि न्यूएल या संशोधकांनी १९८० मध्ये अशा कामांच्या वेळेचा एक हिशेब मांडला होता. सराईत हाताला एक कळ दाबायला साधारण ०.२ सेकंद, हात माउसवर न्यायला ०.४, बाण हव्या त्या जागी पोहोचवायला १.१ आणि मनाच्या तयारीला १.३५ सेकंद. मजकूर टाइप करताना मेनूतून 'कॉपी' करायचे तर हाताच्या जाण्यायेण्यासकट किमान १.९ सेकंद जातात; कंट्रोल आणि सी दाबायला जेमतेम ०.४. पण कळ आठवावी लागली, की त्यात १.३५ सेकंदांची भर पडते आणि सगळी बचत जवळपास संपते. म्हणजे टोग्नॅझिनींचे म्हणणे खरे आहे, पण ते आठवाव्या लागणाऱ्या कळीबद्दल. बोटांत मुरलेल्या कळीबद्दल नव्हे.

म्हणूनच शंभर शॉर्टकटचे तक्ते भिंतीवर लावणे मला व्यर्थ वाटते. रोज लागणारे आठ-दहा घ्यावेत आणि ते विचाराशिवाय होऊ लागेपर्यंत घोटावेत. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी टाइप करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. क आणि ख एकाच कळीवर, ग-घ एका, त-थ एका. शिफ्ट धरला की महाप्राण. सवय झाली की हे कुणी आठवत बसत नाही. त्याच्या लेखी सीची कळ 'म'ची असते, तरी कंट्रोलबरोबर ती अचूक दाबली जाते, कारण बोटाला जागा ठाऊक असते. वाचलेल्या सेकंदांपेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे नजर वाक्यावरून हलत नाही. चित्र काढताना किंवा नकाशा पाहताना अर्थातच माउस हवा. त्याचे जनक डग्लस एंगेलबार्ट यांनीही १९६८ च्या प्रात्यक्षिकात उजव्या हातात माउस धरला होता, आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा छोटा संच होता.

शिकणाऱ्यावर हा भार कशाला, माउसने सगळे दिसतेच की, असे कोणी म्हणेल. पण सगळ्यांना दिसत नाही. एनव्हीडीएसारख्या, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या आधारे काम करणारे अंध लोक संगणक मुख्यतः कीबोर्डवरूनच चालवतात. एखाद्या ऑनलाइन अर्जातले 'सादर करा' हे बटण टॅबने गाठता येत नसेल किंवा एंटरने दाबले जात नसेल, तर डोळस माणसाचे दोन सेकंद जातात आणि अंध माणसाचा अर्जच राहतो. असा अर्ज लोकांसमोर ठेवण्यापूर्वी तो बनवणाऱ्यांनी माउस काढून ठेवावा आणि पहिल्या रकान्यापासून शेवटच्या बटणापर्यंत स्वतः भरून पाहावा.