मागावरचा दिवा

सावकाश वाचा. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा.

दिवा निवडायचा म्हटलं की मन आधी दिव्याकडेच धावतं. किती वॅटचा, कुठल्या कंपनीचा, केवढ्याला. हे प्रश्न तूर्तास राहू द्या. येवल्यातल्या एखाद्या विणकराचं घर डोळ्यांसमोर आणा. हातमागावर पैठणी चढवलेली आहे आणि पदराचं काम सुरू आहे. जरीच्या भुईवर रेशमाचा मोर भरला जातोय. प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या काडीवर गुंडाळलेला. विणकराची बोटं तो मोजक्या उभ्या धाग्यांमधून काढतात आणि शेजारच्या रंगात अडकवून परत फिरवतात. म्हणूनच पैठणी मागून पाहिली तरी पुढच्यासारखीच दिसते. दिवस मावळलाय. या मागावर एलईडीचा दिवा बसवायचा आहे, एकेक घटक निवडून.

आता नजर कापडावर आणा आणि तिथेच ठेवा. काय काय दिसायला हवं? उभे धागे, एकेक सुटा. राणी रंगाच्या दोन लडी, ज्यांच्यात किंचितसाच फरक आहे. मोराच्या मानेत निळा आणि हिरवा जिथे भेटतात ती रेघ. जरही दिसायला हवी, पण तिची तिरीप डोळ्यांत जायला नको. निवडीचं सगळं काम यातूनच निघतं. कापडापासून उलटं मागे जायचं: कापडावरून प्रकाशाकडे, प्रकाशावरून चिपेकडे, तिथून पट्टीकडे, आणि शेवटी विजेकडे. माझ्या मते दिवे निवडण्याची दुसरी भरवशाची रीत नाही.

चिपेपाशी थोडं जास्त वेळ थांबू. बाजारात २८३५ म्हणून मिळणारी एक चिप हातात घ्या: २.८ मिलिमीटर रुंद, ३.५ मिलिमीटर लांब, मसुराच्या दाण्याहून लहान. विझलेली असताना ती पिवळी दिसते. तो पिवळेपणा फॉस्फरचा, सिलिकोनमध्ये कालवलेला. त्याच्याखाली गॅलियम नायट्राइडचा बारीक तुकडा आहे, आणि तो पांढरा प्रकाश देतच नाही, निळा देतो. थोडा निळा फॉस्फर गिळतो आणि पिवळा करून सोडतो, उरलेला निळा तसाच बाहेर येतो. दोन्ही मिसळले की आपले डोळे त्याला पांढरा म्हणतात. हा निळा साधायला किती वर्षं गेली! इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते त्यासाठीच.

आता मनाला विचारा: या मिश्रणात लाल कुठे आहे?

फारसा नाहीच. पिवळ्याच्या शेपटाला थोडा तांबूसपणा असतो, पण गडद लाल जवळजवळ नसतो. शिवाय निळा आणि पिवळा यांच्यामध्ये, ४८० नॅनोमीटरच्या आसपास, प्रकाशाला खोल खड्डा पडलेला असतो. मोरपंखी रंग खुलायला नेमका तिथलाच प्रकाश लागतो. म्हणजे पैठणीचे दोन लाडके रंग, राणी आणि मोरपंखी, साध्या एलईडीखाली दोन्ही उपाशी. जो प्रकाश दिव्यातच नाही, तो कापड कुठून परत पाठवणार?

दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा म्हणजे सीआरआय. खोक्यावर सीआरआय ८० असं लिहिलेलं असतं आणि तेवढ्याने आपलं समाधान होतं. हा आकडा आठ सौम्य रंगांच्या नमुन्यांची सरासरी आहे. ठसठशीत लाल हा नववा नमुना, आर-नऊ, आणि तो या सरासरीत धरतच नाहीत. त्यामुळे सीआरआय ८० असलेल्या चिपेचा आर-नऊ शून्याच्या आसपास असणं अगदी सहज घडतं. घराच्या जिन्यात त्याने काही बिघडत नाही. मागावर बिघडतं. रंगवताना दोन खेपांत सूक्ष्म फरक राहिलेल्या लडी रात्री दिव्याखाली एकजीव वाटतात. सकाळी उन्हात त्याच जागी पट्टा उठतो आणि बोटांनी धागा धागा घातलेलं काम उसवावं लागतं. म्हणून इथे सीआरआय ९५ ची चिप मागायची, आर-नऊ किमान ८० आणि तो आकडा डेटाशीटवर छापलेला. अशा चिपेत लाल फॉस्फरही असतो. गडद लालाला आपला डोळा कमी दाद देतो, त्यामुळे त्याच वॅटमध्ये लुमेन कमी भरतात. ही किंमत आनंदाने मोजावी. लुमेन डोळ्यांसाठी असतात, आणि इथे डोळ्यांना रंग हवेत.

प्रकाशाची छटा ४००० ते ५००० केल्विन ठेवूया. ३००० केल्विनला जर अधिक श्रीमंत दिसते, दुकानात तो प्रकाश शोभतोही, पण विणणाऱ्याला दिवसाच्या जवळचा प्रकाश लागतो. शेजारी दुसरा माग असेल तर दोन्ही दिव्यांच्या चिपा तीन मॅकअॅडम पायऱ्यांच्या आतल्या घ्या. डेव्हिड मॅकअॅडम यांनी १९४२ मध्ये मोजून दाखवलं होतं की छटेतला किती फरक डोळ्याला जाणवतो. ही मोजपट्टी त्यांच्याच नावाने चालते.

किती प्रकाश? पुन्हा कापडाकडे या. विणकामाची जागा सुमारे एक मीटर बाय अर्धा मीटर. बारीक रंगकामाला १००० लक्स, म्हणजे चौरस मीटरला १००० लुमेन धरू. अर्धा चौरस मीटर, म्हणजे कापडावर ५०० लुमेन पोचायला हवेत. डिफ्यूजर थोडे खाणार, थोडे इकडेतिकडे सांडणार. चिपांतून ९०० निघाले तर पुरे. इतक्या चांगल्या रंगाच्या चिपेकडून वॅटला १०० लुमेन मिळतील असं धरलं तर नऊ वॅट. मोठा दिवा मुळीच लागत नाही.

हे नऊ वॅट कसे वाटायचे, यावर सावकाश विचार करा. नऊ वॅटची एकच मोठी चिप घेता येते, पण एका बिंदूतून आलेला झोत जरीवर आरशासारखा उलटतो आणि विणकर दिवसभर डोळे किलकिले करत बसतो. त्यापेक्षा २८३५ च्या ४८ चिपा लांब पट्टीवर पसरा. बाराबारांच्या चार माळा. प्रत्येक चिपेवर सुमारे ३ व्होल्ट, माळेवर ३६. चिपेची झेप १५० मिलिअँपिअरपर्यंत असली तरी ६० च वाहू द्या. सगळे मिळून साडेआठ वॅटच्या आसपास भरतात. कमी करंटवर चिप थंड राहते, वॅटमागे प्रकाश जास्त देते आणि जास्त टिकते. चार माळा समांतर असल्याने सगळ्या चिपा एकाच व्होल्टेज बिनमधल्या, म्हणजे सारखंच व्होल्टेज लागणाऱ्या गटातल्या घ्या, नाहीतर एक माळ दुसरीच्या वाट्याचा करंट ओढून घेते. वर दुधी डिफ्यूजर लावा आणि पट्टी विणकराच्या समोर न ठेवता किंचित बाजूने, उंचावरून टांगा.

नऊ वॅटमधले जवळपास सहा वॅट उष्णताच होणार. एलईडीचा प्रकाश थंड असतो, चिप थंड नसते. ती उष्णता पाठीमागूनच बाहेर पडली पाहिजे, म्हणून पीसीबी अॅल्युमिनियमचा, आणि तो अॅल्युमिनियमच्याच चॅनेलवर थर्मल पेस्ट लावून घट्ट बसवलेला. मे महिन्यात येवल्यात पारा चाळिशीच्या वर जातो. हिशेब तेव्हाच्या दुपारचा करायचा, थंडीतल्या रात्रीचा नाही.

आता वीज. एलईडीला करंट मोजून द्यावा लागतो. चिप तापली की तिला लागणारं व्होल्टेज उतरतं. व्होल्टेज कायम ठेवलं तर करंट चढतो, ती आणखी तापते. म्हणून चिपांना वीज पुरवणारा ड्रायव्हर कॉन्स्टंट करंटचा. आणि तो आयसोलेटेड हवा. चिपांच्याच पाटीवर ड्रायव्हर असलेले डीओबी दिवे स्वस्त पडतात, पण त्यांत मेन्सची वीज थेट चिपांपर्यंत येते. हा दिवा हाताच्या अंतरावर, धातूच्या चॅनेलमध्ये आहे. तिथे ३६ व्होल्टच असू द्यावेत. यात मी तडजोड करणार नाही.

लुकलुकही पाहा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलका ड्रायव्हर सेकंदाला १०० वेळा प्रकाश वरखाली करतो. डोळ्याला ते कळत नाही; पळणारा धोटा मात्र तुटकतुटक दिसतो आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरतं. दुकानात दिव्याखाली पेन्सिल भराभर हलवून पाहिली तरी अंदाज येतो.

खोक्यावर ५०,००० तास लिहिलेले असतील. रोज आठ तास धरले तर सतरा वर्षं. तो आकडा चिपेचा असतो, आणि त्याचा अर्थ प्रकाश हळूहळू ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ. ड्रायव्हर बहुधा त्याआधी जातो, कारण त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकत जातो. तापमान दहा अंशांनी उतरलं की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणून कपॅसिटर १०५ अंशांचा घ्या आणि ड्रायव्हर तापलेल्या चॅनेलमध्ये न कोंबता भिंतीवर वेगळा बसवा, स्क्रूने, कनेक्टर लावून. करंट आणि व्होल्टेज त्याच्यावर ठळक लिहून ठेवा, म्हणजे तो गेला की गावातला वायरमन अर्ध्या तासात तसाच दुसरा लावून देईल.