भीतीचें देणें

मुलाला कॉलेजांत घालावयास आलेला बाप प्रथम फी किती हें विचारतो. मुलीला घालावयास आलेला बाप प्रथम विचारतो, संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजतां? कारंजा (घाडगे) येथें आम्ही वीसपंचवीस वर्षें शिकवीत आहों, आणि प्रवेशाच्या दिवसांत हे दोन प्रश्न इतक्या वेळां ऐकले आहेत कीं, पहिल्या वाक्यावरूनच बापाच्या मागें मुलगा उभा आहे कीं मुलगी उभी आहे, हें मान वर न करतां आम्हांला सांगतां येतें.

या दुसऱ्या प्रश्नाला कोणीं हसूं नये. आमच्या गांवावरून नागपूर-अमरावती महामार्ग जातो, त्यामुळें गांव आडबाजूचें म्हणतां येत नाहीं; परंतु कॉलेजांत येणारीं पुष्कळशीं मुलें महामार्गावर राहत नाहींत. तीं संत्र्यांच्या बागा व कपाशीचीं वावरें ओलांडून फाट्यापर्यंत चालत येतात. एस्. टी. आली तर ठीक. न आली तर फाट्यावर उभें राहावयाचें व जो कोणी वाहनवाला थांबेल त्याच्या तोंडाकडे पाहून बसावें कीं न बसावें हें ठरवावयाचें. सन २०२१ च्या अखेरीस एस्. टी. च्या कामगारांचा संप सुरू होऊन कित्येक महिने चालला, त्या काळांत आमच्या वर्गांतील बाकें रिकामीं दिसूं लागलीं, आणि त्यांत मुलींचीं बाकें अधिक होतीं. कॉलेजला भिंत आहे, फाटकाशीं पहारेकरी आहे, अलीकडे कॅमेरेहि बसले आहेत. बापाची भीति मात्र फाटकापासून गांवच्या पारापर्यंतच्या वाटेवर राहते, आणि त्या वाटेवर आमची भिंत नाहीं.

गेल्या हिंवाळ्यांत असेच एक शेतकरी आमच्या खोलींत आले. मुलगी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. वर्गांत प्रश्न विचारणाऱ्या दोन-तीन विद्यार्थ्यांपैकीं एक. "सर, माह्या पोरीचा दाखला काढून द्या," असें म्हणून ते उभेच राहिले. बसा म्हटलें तरी बसेनात. झालें होतें तें इतकेंच, कीं फाट्यावर एक मुलगा रोज मोटारसायकल घेऊन उभा राहत होता. तो बोलला नव्हता, आडवा आला नव्हता. "काई बोलला असता तं मी भांडलो असतो. तो नुसता पाह्यते. आता पाह्यन्याले काय म्हनू, सर?"

मग त्यांच्या बोलण्यांत हिंगणघाटचें नांव आलें, आणि आम्हांला उत्तर देणें कठीण झालें. ३ फेब्रुवारी २०२० रोजीं सकाळीं, आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, हिंगणघाटच्या नांदोरी चौकांत एका तरुण अध्यापिकेच्या अंगावर पेट्रोल टाकून तिला पेटवून देण्यांत आलें. ती आपल्या कॉलेजांत शिकवावयास निघाली होती. १० फेब्रुवारीस नागपूरच्या रुग्णालयांत तिचा अंत झाला, आणि दोन वर्षांनीं, बरोबर त्याच तारखेस, न्यायालयानें आरोपीस जन्मठेप सुनावली. तो कोणी परका दरोडेखोर नव्हता; तिच्याच गांवचा, तिच्या ओळखीचा होता. सन १९९० मध्यें उल्हासनगर येथें तर शालान्त परीक्षेच्या दालनांत शिरून एका मुलीस जाळण्यांत आलें. तेथें भिंत होती, पर्यवेक्षकहि होते. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहांपैकीं नऊंहून अधिक ठिकाणीं आरोपी हा स्त्रीच्या ओळखीचाच असतो, असें सरकारी गुन्हे-नोंदणीचे आंकडे वर्षानुवर्षें सांगत आले आहेत. आपण कुंपण घालतों तें अनोळखी माणसासाठीं. येणारा बहुधा कुंपणाच्या आंतला असतो.

तेव्हां तुमची भीति खोटी आहे, असें त्या गृहस्थांस सांगण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. आमची शंका निराळी आहे. भीति खरी असली म्हणजे तिच्यापोटीं केलेलें प्रत्येक कृत्य न्याय्य ठरतें काय? फाट्यावर उभा राहणारा मुलगा उद्यांहि उभा राहील, परीक्षेस बसेल, पदवी घेईल; आणि जिनें कांहींच केलें नाहीं तिचें नांव पटावरून कमी होईल. बाप याला जपणूक म्हणतो. परंतु ज्या मुलीला हें सोसावयाचें आहे तिच्या जागीं उभें राहून पाहिलें, तर या जपणुकींत आणि शिक्षेंत फरक कोठें आहे तो आम्हांला दिसत नाहीं. गुन्हेगारालाहि शिक्षेपूर्वीं आपली बाजू मांडूं देतात. दाखला काढतांना मुलीला विचारावें असें आम्हां तिघांपैकीं—बाप, कारकून व आम्ही—एकालाहि सुचलें नाहीं.

येथें आमच्या तालुक्यांतील एक गोष्ट आठवते. सन २०१७ च्या पावसाळ्यांत ब्रह्मपुरीकडे पकडलेली एक वाघीण बोरच्या जंगलांत सोडण्यांत आली. तिच्या हल्ल्यांत माणसें दगावलीं, आणि शिवारांत जाणें लोकांस नकोसें झालें. वनखात्याचीं पथकें तिच्या मागावर फिरलीं, तिला मारावें कीं न मारावें हा वाद नागपूरच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवटीं ऑक्टोबरांत शेताच्या कुंपणांतील विजेच्या तारेला लागून ती मेली. त्या दिवसांत लोक घराबाहेर पडावयास भीत होते हें खरें. परंतु भय संपवावयाचें तें वाघिणीकडून, हें कोणाला सांगावें लागलें नाहीं. शेतांत गेलेल्या बाईला, तूं त्या वेळीं तेथें कशाला गेलीस, असें कोणी दरडावलें नाहीं. वाघिणीचें भय साऱ्या तालुक्याचें ठरलें. फाट्यावरच्या त्या पोराचें भय मात्र एका घराचें ठरलें, आणि त्या घरांतहि सर्वांत धाकट्या माणसानें तें फेडावयाचें.

यावर कोणी म्हणेल, तत्त्व ठीक आहे. पण स्वतःच्या मुलीवर तत्त्वाचा प्रयोग कोण करील? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं, कारण तो प्रयोग आम्हीं स्वतःहि केला नाहीं. आमची मुलगी नागपुरास शिकत असतांना रात्रीं नऊपर्यंत अभ्यासिकेंत बसत असे. एके दिवशीं तासभर तिचा फोन लागला नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्हीं तिला संध्याकाळची अभ्यासिका सोडावयास लावली. तिनें वाद घातला नाहीं. पुष्कळ वर्षांनीं, कांहीं निमित्तानें, ती सहज म्हणाली, "बाबा, तुम्हांला झोप लागावी म्हणून मीं ती सोडली होती." आमची समजूत अशी होती कीं, आम्हीं तिला कांहीं दिलें. खरें पाहतां आम्हीं तिच्याकडून घेतलें होतें, आणि पावतीहि दिली नव्हती.

कायद्यानें आपल्याकडून पुष्कळ केलें आहे. सन २०१३ पासून स्त्रीचा पाठलाग करणें हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सन २०१५ च्या नियमांन्वयें प्रत्येक कॉलेजांत अंतर्गत तक्रार समिति असावी लागते. आमच्याकडेहि आहे, सूचनाफलकावर तिची यादी लावलेली आहे. परंतु 'तो नुसता पाहतो' ही तक्रार घेऊन त्या यादीपर्यंत किती मुली येतील? घरीं कळलें तर कॉलेज बंद होईल, हें मुलींना पक्कें ठाऊक असतें. म्हणून त्या बापाला सांगत नाहींत, बापाला कळत नाहीं म्हणून कॉलेजला कळत नाहीं. बापाच्या भीतीनेंच मुलीचें तोंड बंद होतें, आणि मग जें वेळींच मोडतां आलें असतें तें वाढत जातें.

सन १८४८ पासून पुण्यांत मुलींना शिकवावयास जाणाऱ्या सावित्रीबाई फुले अंगावर शेण पडेल म्हणून एक जास्त लुगडें बरोबर नेत, ही गोष्ट दरवर्षीं ३ जानेवारीस आम्ही व्यासपीठावरून सांगतों. मुलींना ती फार आवडते. पण तें शेण फेंकणारे हात कोणाच्या घरचे होते, त्यांच्या आईबापांनीं त्यांस संध्याकाळीं काय विचारलें, हें आमच्या भाषणांत कधीं आलें नाहीं. मुलांच्या बाकांकडे पाहून हा प्रश्न विचारावा, असें गेल्या जानेवारींत मनांत होतें. आयत्या वेळीं राहून गेलें.

दाखल्यावर आम्हीं सही केली. करावयास नको होती, असें त्याच संध्याकाळीं वाटलें. मोटारसायकलवाला मुलगा आमच्याच कॉलेजचा, हें चार दिवसांनीं कळलें. त्याला समज दिली व त्याच्या वडिलांस बोलावून घेतलें. ते आले, चहा घेतला, सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, "वयच आहे सर त्याचं. उभाच तं राह्यते." शेवटची गाडी किती वाजतां असते, हें त्यांनीं विचारलें नाहीं. त्यांना विचारावयाचें कारणहि नव्हतें.

मुलीनें पुढें बाहेरून परीक्षेचा फॉर्म भरला. पहिल्या पेपराच्या दिवशीं वडिलांच्या मोटारसायकलवर ती आली, आणि दालनांत जाण्यापूर्वीं आमच्याकडे येऊन, राज्यशास्त्राचें एखादें पुस्तक घरीं नेतां येईल काय, असें विचारूं लागली. ग्रंथालयाचें कार्ड रद्द झालें होतें. आम्हीं आमचीच प्रत दिली. वडील फाटकाबाहेर निंबाखालीं उभे होते. पेपर तीन तासांचा होता. आम्हीं दोनदां शिपाई पाठविला, आंत येऊन बसा म्हणून. ते आले नाहींत.