खिसा आपला, नाव दुसऱ्याचे



कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास कौंडण्यपूरला यात्रा भरते. वर्धा नदीच्या काठावरचे हे गाव रुक्मिणीचे माहेर म्हणून साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक आहे. आषाढीला येथूनच रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. या भागात आपली ख्रिस्ती घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. पण यात्रेच्या बाजारात सगळेच जातात. त्या गर्दीत भोंग्यावरून दर थोड्या वेळाने एक सूचना ऐकू येते: आपापले खिसे, पाकिटे आणि लहान मुले सांभाळा.

सूचना साधी आहे, पण तिने मला एका प्रश्नात टाकले आहे. सांभाळायचे म्हणजे नेमके कोणाकडे पाहायचे? आपल्या खिशाकडे, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडे? हा प्रश्न मला सेमिनरीतल्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात पडला नाही. तो पडला रोममध्ये, आणि माझी मान खाली गेल्यावर पडला.

2025 च्या जुबिली वर्षात, उन्हाळ्याच्या सुट्टीत, आपल्या भागातली काही माणसे पवित्र द्वारातून जाण्यासाठी रोमला निघाली. मीही बरोबर होतो. निघण्यापूर्वीच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, ‘‘फादर, तिकडे लय पाकीटमार रायतेत म्हन्तेत. मंग म्या पैसे ठेवू तरी कुठं?’’ सगळे हसले. पण त्यांचे खरे होते. रोमचे टर्मिनी स्टेशन, व्हॅटिकनकडे जाणारी 64 नंबरची बस, बार्सिलोनाचा रांब्ला रस्ता, पॅरिसचे लूव्र संग्रहालय, ही सगळी खिसेकापूंची ठिकाणे म्हणून प्रसिद्ध आहेत. 2013 च्या एप्रिल महिन्यात लूव्रच्या कर्मचाऱ्यांनी पाकीटमारांच्या उपद्रवाला कंटाळून काम बंद केले आणि ते जगप्रसिद्ध संग्रहालय एक दिवस बंद राहिले.

म्हणून मी मंडळींना नीट समजावून सांगितले. पाकीटमार सहसा एकटा नसतो. एक धक्का देतो, दुसरा काढतो, तिसरा घेऊन पसार होतो. कोणी अंगावर काहीतरी सांडून पुसायला येतो, कोणी सही मागायला कागद पुढे करतो. आपले लक्ष जिकडे वळते, त्याच्या विरुद्ध बाजूला हात चालतो. गाडीचे दार बंद होण्याचा क्षण, सरकता जिना, दुकानात पैसे मोजण्याची वेळ, या जागा धोक्याच्या. पासपोर्ट कपड्यांच्या आत गळ्यातल्या पिशवीत, त्याची झेरॉक्स वेगळी. सगळे पैसे एका जागी नकोत. दिवसापुरते वरच्या खिशात, बाकीचे आत. बॅग पाठीवर नाही, पोटावर. पासपोर्ट गेलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग आपल्या वकिलातीत; परत येण्यापुरता कागद तेथे मिळू शकतो. मोबाइल गेला तर बँकेला लगेच कळवायचे. मावशींनी सगळे ऐकून पैसे बटव्यात घातले आणि बटवा परकराच्या खिशात. आपल्या आया-आज्यांनी पदराच्या गाठीला पैसा बांधून वाऱ्या केल्या, ते शहाणपण त्यांच्यात होते.

तिसऱ्या दिवशी मेट्रोत ते घडले. टर्मिनीहून ओत्ताव्हियानोकडे जाताना डबा खच्चून भरला होता. मावशींनी कमरेला हात लावला आणि ओरडल्या, ‘‘फादर, माहा बटवा!’’ आमच्याजवळ एक तरुण मुलगी उभी होती. लांब घागरा, काखेत तान्हे मूल. आमच्यातल्या कोणी तरी तिच्याकडे बोट दाखवले. मग सगळ्यांचीच बोटे वळली. डब्यातली माणसे वळून पाहू लागली. कोणी तिला त्यांच्या भाषेत काही बोलले. ती काहीच बोलली नाही. तिने मूल घट्ट धरले आणि पुढच्या स्टेशनवर उतरून गेली. मी बोट दाखवले नव्हते, पण बोट खालीही केले नाही. मीही तिच्याकडेच पाहत होतो. अंगात माझ्या धर्मगुरूचा पोशाख होता.

संध्याकाळी खोलीवर मावशींनी शाल झटकली, तर घडीतून बटवा पडला. सकाळी चर्चमध्ये दान टाकताना त्यांनी तो शालीत गुंडाळला होता आणि विसरल्या होत्या. पैसे सगळे होते. मंडळींनी सुटकेचा श्वास टाकला, देवाचे आभार मानले. मावशी मात्र गप्प बसून राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘फादर, माहं तं सापडलं. तिचं काय?’’

भाविकांनो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. चोरीचा माल परत केल्याशिवाय चोरीच्या पापाचे परिमार्जन पुरे होत नाही, असे मी कितीदा कुमसाराला बसून सांगितले आहे. आता आम्ही कोणाचे तरी नाव घेतले होते. परत द्यायचे तर तिचा पत्ता कुठे होता?

संत थॉमस अक्वायनस यांनी याची फार बारकाईने चर्चा केली आहे. ते म्हणतात की माणसाचे चांगले नाव ही त्याच्या धनापेक्षा मोठी मालमत्ता आहे. म्हणून कोणाचे नाव लुबाडणे हे त्याची वस्तू चोरण्यापेक्षा जड पाप आहे. या मोजमापाने पाहिले तर त्या डब्यात चोरी नक्की झाली. फक्त चोर आम्ही होतो.

हे आपल्याला पटायला जड जाते, कारण संशय आपल्याला पाप वाटतच नाही, सावधपणा वाटतो. आपली भाषासुद्धा आपल्याला तसेच शिकवते. फसवणाऱ्याला आपण सहज ‘भामटा’ म्हणतो. पण भामटा हे महाराष्ट्रातल्या विमुक्त जातींच्या यादीतल्या एका समाजाचे नावही आहे. त्या समाजात जन्मलेल्या मुलाने शाळेत आपली जात सांगावी आणि वर्गाने हसावे, अशी सोय आपण शब्दातच करून ठेवली आहे. दुसरा शब्द ‘उचल्या’. लक्ष्मण गायकवाड यांनी त्याच नावाचे आत्मकथन 1987 साली लिहिले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या समाजाला शेत नाही, काम कोणी देत नाही, त्याच्या पोरांच्या हाती चोरी कशी येते, हे त्यांनी काही न लपवता सांगितले. आणि ज्याने चोरी सोडली त्याच्याही दारात पोलीस कसे येतात, हेही सांगितले.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही. 1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो देशाच्या इतर भागांनाही लागू झाला. त्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. त्यांना पोलिसांकडे हजेरी लावावी लागे. मूल पाळण्यात असतानाच त्याच्यावर शिक्का बसे. स्वातंत्र्यानंतर, 31 ऑगस्ट 1952 रोजी, हे लोक त्या कायद्यातून मुक्त झाले. म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. कायदा गेला, डोळे तेच राहिले. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमांतल्या जातिभेदाच्या तरतुदी रद्द कराव्या लागल्या आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये याची आठवण पोलिसांना द्यावी लागली. आपल्याच अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळा येथे, मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने 2012 साली पारधी मुलांसाठी आश्रमशाळा काढली. शाळेला नाव दिले ‘प्रश्नचिन्ह’. हे चिन्ह कोणासमोर उभे केले आहे, हे आपण ओळखावे.

युरोपात हेच रोमा लोकांच्या वाट्याला आले. (या नावाचा रोम शहराशी संबंध नाही.) त्यांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी आपल्याच देशातून तिकडे गेले. त्यांच्या बोलीत पाण्याला आजही ‘पानी’ आणि कानाला ‘कान’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्यांच्यातल्या काही लाख लोकांना ठार मारले. आणि याच समाजातला एक माणूस आपल्या ख्रिस्तसभेच्या वेदीवर आहे. सेफेरिनो हिमेनेझ माल्या हा स्पेनमधला खेचरांचा व्यापारी. चोरीची खेचरे घेतल्याचा आळ येऊन तो तुरुंगात गेला आणि निर्दोष सुटला. 1936 साली एका धर्मगुरूची बाजू घेतल्याबद्दल त्याला पकडले आणि गोळी घातली. शेवटपर्यंत त्याने हातातली जपमाळ सोडली नाही. 4 मे 1997 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला धन्यवादित घोषित केले. पोप फ्रान्सिस यांनी 2019 साली रुमानियात रोमा लोकांसमोर उभे राहून ख्रिस्तसभेच्या वतीने क्षमा मागितली. ती मुलगी रोमा होती की नव्हती, हे मला ठाऊक नाही. आम्हाला तेही ठाऊक नव्हते, आणि तरी आम्ही निकाल दिला होता.

आता तुम्ही म्हणाल, ‘‘फादर, मग काय खिसे उघडे टाकून फिरायचे? पाकीटमार तर खरेच असतात.’’ असतात. गरीब माणसाचा पगार, मुलीच्या लग्नाचे पैसे एसटीत चढताना जातात, त्याची हळहळ मी ऐकली आहे. भोळेपणा हा काही सद्गुण नव्हे. प्रभूने आपल्या शिष्यांना सापासारखे चतुर व्हायलाही सांगितले आहे. येथे संत थॉमस यांनीच एक फरक दाखवून दिला आहे. संकटावर उपाय करायचा असेल, तेव्हा वाईटात वाईट घडेल असे धरून चालावे. पण माणसाचा न्याय करायचा असेल, तेव्हा पुरावा नसताना त्याच्याविषयी चांगलेच धरावे. वाईट माणसाला चांगले समजून पुष्कळदा फसलेले परवडले. चांगल्या माणसाला एकदाही वाईट समजू नये.

या फरकात माझ्या प्रश्नाचे उत्तर आहे. कुलूप लावणे हा उपाय आहे. कुलूप कोणाचे तोंड पाहत नाही. ते साऱ्या जगाला सारखेच लागते, म्हणून त्याने कोणाचा अपमान होत नाही. संशय मात्र तोंड पाहून लागतो. पोटावर बॅग धरणारा माणूस कोणावर अन्याय करत नाही. घागरेवाली दिसली की बॅग छातीशी धरणारा करतो. आणि तो मूर्खपणाही करतो. आपण सगळे जण त्या मुलीकडे पाहत असताना चांगल्या कपड्यातल्या कोणी आमचे बाकीचे खिसे साफ केले असते, तरी आम्हाला कळले नसते. बारा शिष्यांत पैशाची थैली यहूदाकडे होती आणि तो त्यातले काढून घेई, असे संत योहान सांगतो. चोर परका नव्हता, पंगतीला बसणारा होता.

हात प्रत्यक्ष खिशात दिसला, तर ओरडावे, धरावे, 112 ला फोन करावा. तो संशय नव्हे, पुरावा आहे. पण तेव्हाही मारहाण नको. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांहून कमी रकमेची चोरी प्रथमच केलेल्याने ती भरून दिली, तर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. कायदा सुधारण्याची वाट ठेवतो. जमाव ती ठेवत नाही. प्रभूच्या शेजारी क्रुसावर टांगलेल्या चोराला शेवटच्या घटकेला मिळालेली वाट आपण कोण बंद करणार?

यंदाच्या नव्हे, त्याच वर्षीच्या कार्तिकातली गोष्ट सांगून संपवतो. यात्रेत बांगड्यांच्या दुकानासमोर एका बाईची पर्स गेली. बाजूला मणी-माळा विकणारी काही पाले होती. गर्दीची मान तिकडे वळली. एका पोराचा दंड कोणी धरलाही. मावशी तेथे होत्या. त्या मधे शिरल्या. ‘‘सोडा त्या पोट्ट्याले. कोनी पायलं काय त्याले घेतांनी? बाई, पयले आपली पिशवी पाय.’’ कोणी पाहिले नव्हते. दंड सुटला. पिशवीत पर्स नव्हती; ती खरेच गेली होती आणि आजवर सापडलेली नाही. मावशींनी त्या बाईला घरी जायला एसटीचे पैसे दिले.

त्या दिवशी एकाचे पैसे गेले, पण दुसऱ्याचे नाव गेले नाही. रोममध्ये आमचे पैसे वाचले होते.

येत्या सुट्टीत तुमच्यापैकी काही जण मुंबई-गोव्याला जातील, काही परदेशीही जातील. बॅगची चेन लावा, पैसे दोन ठिकाणी ठेवा, गर्दीत हात खिशावर असू द्या. काही हरवले, तर बोट उचलण्यापूर्वी आपलीच शाल एकदा झटकून पाहा. आणि आज मिस्सेला याल तेव्हा, त्या मेट्रोतल्या मुलीसाठी माझ्याबरोबर एक प्रार्थना करा. तिचे देणे आमच्याकडे बाकी आहे.

प्रभूच्या प्रेमात आपला,
प्रमुख धर्मगुरू