कोणाच्या ताटात आणि केव्हा

कुपोषणाचा विषय निघाला की चर्चा लगेच एका प्रश्नावर येऊन थांबते : कमतरता कशाची आहे? गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाची उत्तरे अनेकदा बदलली आणि प्रत्येक उत्तराबरोबर सरकारी धोरणही बदलले. त्या उत्तरांचा माग काढला, तर आज आपण कुठे अडलो आहोत ते नीट दिसते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जीवनसत्त्वांच्या शोधाने वैद्यकशास्त्राला नवी दृष्टी दिली. पुढे कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उंदरांना भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांचे जेवण घालून पाहिले. पोळी, दूध, डाळ आणि ताज्या भाज्या असलेल्या उत्तरेकडच्या जेवणावर उंदीर चांगले पोसले. मुख्यतः भातावर भिस्त असलेल्या जेवणावर ते खुरटले. आरोग्य एखाद्या घटकावर नव्हे, तर सबंध ताटावर अवलंबून असते, हा त्या प्रयोगांचा खरा धडा होता. तो लवकरच मागे पडला.

१९३०च्या दशकात सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी आजच्या घानामध्ये अंगावर सूज येणाऱ्या, केसांचा रंग उडालेल्या मुलांच्या आजाराचे वर्णन केले. त्यातून प्रथिनांची कमतरता हे जगाच्या कुपोषणाचे मूळ मानले जाऊ लागले. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने तर येऊ घातलेल्या 'प्रथिन संकटा'चा इशारा दिला. गरीब देशांसाठी प्रथिनयुक्त पिठे आणि भुकट्या तयार करण्यावर मोठा पैसा आणि बुद्धी खर्च होऊ लागली.

या समजुतीला आकडेवारीच्या आधारे आव्हान देणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे रोमच्या अन्न व कृषी संघटनेत सुमारे दोन दशके संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांचे म्हणणे असे की, धान्य आणि डाळीचे आपले नेहमीचे जेवण पोटभर मिळाले, तर बहुतेकांना प्रथिने पुरतात. अर्धपोटी माणसाचे शरीर मात्र मिळालेली प्रथिनेही ऊर्जेसाठी जाळून टाकते. हैदराबादला पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांचे सहकारीही मुलांच्या आहाराचा अभ्यास करून याच निष्कर्षाला आले होते. १९७४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड मॅक्लॅरेन यांनी प्रथिनांच्या या सगळ्या मोहिमेची फसगत उघडपणे मांडली.

कमतरता उष्मांकांची, म्हणजे सरळ भाषेत पोट न भरण्याची आहे, हे ठरल्यावर कुपोषण हा दारिद्र्याचा प्रश्न झाला. १९७१ साली पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी रोज माणशी २,२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च हा दारिद्र्य मोजण्याचा निकष धरला. भूक ही दैवाची नव्हे, मिळकतीची गोष्ट आहे, हे त्यातून ठसठशीतपणे पुढे आले. हा विचाराचा मोठा टप्पा होता. पण उष्मांक हेच माप ठरले की ते भरून काढायला सर्वांत स्वस्त साधन धान्य. रेशनच्या दुकानात गहू-तांदूळ आले. पालेभाजी, फळ, अंडे, दूध ज्याच्या त्याच्या ऐपतीवर राहिले.

सुखात्मे मात्र इथेही थांबले नाहीत. निवृत्तीनंतर पुण्यात राहून त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. एक, माणसाची उष्मांकांची गरज ठरावीक नसते. दोन, दूषित पाण्यामुळे आणि जंतांमुळे खाल्लेले अन्न वाया जाते, म्हणून स्वच्छ पाणी हाही पोषणाचाच भाग आहे. दुसरा मुद्दा आज सर्वमान्य आहे. पहिल्यावर जोरदार वाद झाला. पुढे डेव्हिड सेकलर या अर्थतज्ज्ञाने 'लहान चणीची तरी निरोगी' माणसे अशी कल्पना पुढे केली आणि गोपालन यांनी तिला कडाडून विरोध केला. गरिबांच्या खुरटलेपणाला निरोगी म्हणणे म्हणजे त्यांच्यासाठी वेगळे, खालचे माप लावणे होय, ही त्यांची भूमिका मला निःसंशय योग्य वाटते.

त्या भूमिकेचे समर्थन पुढे पुण्याजवळच्या सहा खेड्यांतून आले. १९९३ साली डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयातील त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा एक अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, सरासरी सुमारे ४२ किलो वजनाच्या या स्त्रियांची बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची होती. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. आपली बाळे स्नायूंनी किरकोळ होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. पुढच्या मधुमेहाची बीजे पोटातच रुजत असल्याची ही खूण होती. आणखी एक गोष्ट दिसली. आईने खाल्लेल्या एकूण उष्मांकांशी किंवा प्रथिनांशी बाळाच्या आकाराचा फारसा संबंध नव्हता. संबंध होता तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध आहारात किती वेळा आले याच्याशी. सबंध ताटाचा विसरलेला धडा असा परत आला.

मग मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रत्यक्ष प्रयोग झाला. गर्भधारणेच्या आधीपासून स्त्रियांना पालेभाज्या, फळे आणि दूध घालून केलेला छोटा खाऊ रोज केंद्रावर खायला दिला. सर्वांचा एकत्र विचार करता बाळांच्या वजनात ठळक फरक पडला नाही. पण गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधी सुरुवात केलेल्या स्त्रियांच्या बाळांचे वजन वाढलेले दिसले आणि खाऊ घेणाऱ्या गटात गर्भारपणातल्या मधुमेहाचे प्रमाण बरेच कमी आढळले. 'काय' इतकेच 'केव्हा' महत्त्वाचे, हा त्याचा अर्थ. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतो, ती चौथ्या आठवड्याच्या सुमारास बंद होते. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. आपल्या अंगणवाडीत गरोदर बाईचा आहार मात्र नाव नोंदवल्यावर सुरू होतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आणि १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. हे दोन आकडे एकाच कहाणीचे आहेत. अनेक घरांत आजही पुरुष आणि मुले आधी जेवतात. शेवटी बाई बसते तेव्हा टोपलीत भाकरी असते, पण मेथीची भाजी संपलेली असते. उष्मांकांच्या हिशेबात ती जेवलेली असते. बाळाच्या हिशेबात नसते.

म्हणून पोषणाची योजना मुलगी आई होण्याआधी, शाळेत असतानाच सुरू झाली पाहिजे. रेशनमध्ये डाळ आणि अंडी, शाळा-महाविद्यालयातल्या मुलींसाठी भाजी-फळांचा खाऊ, वस्तीत परवडणारी भाजी आणि घरोघरी स्वच्छ पाणी, एवढे सरकारने करावे. आणि घरात जेवणाची पंगत एकत्र बसवण्यासाठी कोणत्याही योजनेची वाट पाहू नये. ते आपल्या हाती आहे, आजपासून.